जोडवाक्यांचा फाल्गुन

फाल्गुन लागला की आमच्या कॉलेजच्या आवारातले कडुनिंब पिवळे पडतात आणि वारा सुटला की त्यांची पानं थेट वर्गात येतात. बाकांवर, वह्यांवर, माझ्या टेबलावरच्या हजेरीपत्रकावर. नगरचा वारा या दिवसांत चमत्कारिक असतो. सकाळी गार, उन्हं वर आली की कोरडा, आणि दुपारी त्याला धुळीचा आणि जुन्या कागदांचा वास. बारावीची मुलं पेपरला गेलेली असतात. वर्गात उरतात ती अकरावीची, उजळणीला कंटाळलेली, खिडकीबाहेर बघणारी. मीही बघते. शिकवून इतकी वर्षं झाली, तरी परीक्षेचे दिवस आले की मला अजून एक पेपर आठवतो. माझा नव्हे. दुसऱ्या कुणाचा तरी.

गेल्या आठवड्यात मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली होती. ती जोडायची होती. हू, विच, व्हेअर असे शब्द वापरून दोन सुट्या वाक्यांचं एक कसं करायचं, आणि त्या एकात कॅन, कुड, शुड, मस्ट हे शब्द कुठे बसवायचे, एवढाच तासाचा विषय. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅम, हू नंतर माइट हॅव आलं, तर काय अर्थ होतो?"

"जे कदाचित झालं असतं, पण झालं नाही."

"म्हणजे झालंच नाही?"

"नाही झालं."

"मग ते वाक्यात घ्यायचं कशाला?"

वर्ग हसला. मीही हसले. पण पुढचं वाक्य लिहायला फळ्याकडे वळले तेव्हा खडू परत खाली ठेवला. हाच प्रश्न, जवळजवळ याच सुरात, मी फार पूर्वी ऐकला होता. आमच्या गावी, पुणतांब्याला, स्टेशनच्या बाजूच्या एका ओट्यावर, माझ्या शेजारी बसलेल्या रेखावहिनीच्या तोंडून.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. माहेर घोडेगावचं. तिचे वडील, तात्या, गुरांच्या बाजारात म्हशींचे सौदे करून देणारे. ती आमच्या घरात आली तेव्हा मी नववीत होते, आणि ती माझ्याहून फार मोठी नव्हती. बारावीला इंग्रजीत नापास झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. दादा शेती बघायचा. त्यांचा संसार कसा चालला होता हे मला नीट सांगता येणार नाही, कारण त्या वयात मला ते दिसत नव्हतं. एवढंच आठवतं की दादा शेतातून आला की पाण्याचा तांब्या घ्यायला स्वतः स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचा. आधी तो अंगणातूनच हाक मारायचा.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरताना, दादा संध्याकाळी विहिरीवर मोटर चालू करायला गेला आणि त्याला शॉक बसला. एवढंच. यापेक्षा जास्त मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

घरात माणसं येत होती, बसत होती, जात होती. वहिनी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली असायची. बायका तिच्याकडे बघून उसासे टाकायच्या आणि तिच्या पुढ्यातच तिच्याबद्दल बोलायच्या, जणू ती दुसऱ्या गावी आहे. अशातच एक दिवस एस्तेरबाई आल्या. बाई नगरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता पुणतांब्याला भावाच्या रिकाम्या घरात एकट्या राहणाऱ्या. पांढरी सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांनी त्यांच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे हात जोडून सलाम म्हटलं, आईचा हात हातात घेऊन तिच्याजवळ बसल्या. उठताना त्यांचं लक्ष वहिनीकडे गेलं.

"कितवी झालीस, बाळ?"

सगळ्या बायका बघायला लागल्या. इतक्या दिवसांत कुणी तिला प्रश्न विचारला नव्हता.

"बारावी. नापास."

"कशात?"

"इंग्रजीत."

"एकाच विषयात?"

वहिनीनं होकारार्थी मान हलवली. बाई आबांकडे वळल्या. "दिवसकार्य होऊन जाऊ द्या. मग हिला दुपारी माझ्याकडे पाठवा. आणि ह्या धाकटीलाही. दहावीला आहे ना ती?"

आईला ते मुळीच पटलं नाही. "लोकं काय म्हनतील? नवरा जाऊन म्हैना न्हाई आन ही शाळंत?" आबा तसे कमीच बोलत. पण थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "वहिनीला घेऊन जा बाईंकडं. दप्तर घे तुजं."

त्या दुपारींचा रंग मला अजून दिसतो. बाईंच्या ओट्यावर बुचाच्या झाडाची सावली पडायची. त्याचा बहर संपलेला असायचा, तरी कधीतरी एखादं लांब देठाचं पांढरं फूल गिरक्या घेत खाली यायचं. रस्त्यानं उसाच्या गाड्या जायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहायचा. मध्येच स्टेशनातून आगगाडीची शिटी व्हायची आणि बाई वाक्य अर्धं सोडून थांबायच्या, गाडी जाईपर्यंत. मग सोडलं तिथूनच पुढे.

बाई वही उघडू द्यायच्या नाहीत. "आधी जिभेवर. मग कागदावर." त्यांचं म्हणणं असं की आपली मुलं इंग्रजी डोळ्यांनी शिकतात, म्हणून ते तोंडात येत नाही. त्या दोन वाक्यं म्हणायच्या, आम्ही ती जोडायची. दिस इज अ गर्ल. शी सिंग्ज. दिस इज द गर्ल हू सिंग्ज. मराठीतून समजावताना बाई दोन्ही हात पुढे करायच्या. "आपल्याकडे बघा. जी मुलगी गाते, ती ही. जी आणि ती. आपण दोन्ही हातांनी धरतो. इंग्रज एका हातानं धरतो. हू. झालं." आणि एक हात मागे घ्यायच्या.

मला ते चटकन जमायचं. वहिनीला जमायचं नाही. तिला तो दुसरा हात सोडवत नसे. हू म्हटल्यावर पुढे आणखी एक शी यायचीच. द गर्ल हू शी सिंग्ज. बाई रागवायच्या नाहीत. "त्या शीला घरी पाठव," म्हणायच्या. वहिनी खाली मान घालून हसायची. दादा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती या ओट्यावर, त्या जास्तीच्या शीमुळे.

मग कॅन, कुड आले. बाई म्हणाल्या, "हे शब्द स्वतः काही करत नाहीत. ते फक्त सांगतात, कुणाला काय करता येईल, काय करावं लागेल, काय करू दिलं जाईल. मी रोज भाकरी करते, यात काही विशेष नाही. पण मी भाकरी करू शकते म्हटलं की बघ, लगेच बाईचा रुबाब वाढला." मग आम्हाला स्वतःच्या मनानं वाक्य करायला सांगितलं. हू किंवा विच हवा आणि कॅन हवा. मी लगेच म्हणाले, अ टीचर इज अ पर्सन हू कॅन टीच. बाईंनी मान डोलावली, फारशी खूश न होता.

वहिनीनं पुष्कळ वेळ घेतला. ओठ हलत होते. मग हळू, एकेक शब्द चाचपत ती म्हणाली, "आय वॉन्ट अ रूम विच आय कॅन लॉक फ्रॉम इनसाइड."

मला एक खोली हवी आहे, जिला मी आतून कडी लावू शकेन.

आमच्या घरात स्वयंपाकघर, माजघर आणि पडवी. दादा गेल्यावर वहिनी माजघरात माझ्या आणि आईच्या मधे झोपायची. रडायला जागाच नव्हती तिला. हे मला तेव्हा कळलं का? नाही. मला तेव्हा फक्त इतकं कळलं की वाक्य बरोबर आहे, त्यात जास्तीचा शब्द नाही, आणि ते माझ्या वाक्यापेक्षा फार चांगलं आहे.

"करेक्ट," बाई म्हणाल्या. "पुन्हा म्हण."

मी पुढे इंग्रजी घेऊन एमए केलं, व्याकरणाची जाडजाड पुस्तकं वाचली. या रचनेबद्दल त्यांत पानंच्या पानं आहेत. पण मला ती रचना कळली ती त्या दुपारी. साधं वाक्य जे आहे तेच सांगतं. हे वाक्य नसलेल्या खोलीला भिंती देतं, दार देतं, दाराला आतून कडी देतं.

जानेवारी संपताना तात्या आले. खांद्यावर पंचा, पायात करकरीत वहाणा, बोलायला मोकळा माणूस. चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. "नेवाशाकडचं स्थळ हाय. बिजवर हाय, दोन लेकरं हायती, पन घर भरल्यालं हाय. पोरीचं आख्खं आयुष्य पडलंय, आबा. किती दिस ठिवनार तुमी तरी?"

आई एकदम म्हणाली, "आमी कुठं तिला जा म्हनतोय? आमच्या लेकाची बायकू हाय. ऱ्हाईल हितंच."

दोघंही आपापल्या परीनं वहिनीवर मायाच करत होती, हे आज मला दिसतं. एक तिला घेऊन जायला आला होता, दुसरी तिला सोडायला तयार नव्हती. वहिनी स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, आणि तिच्या थापण्याचा आवाज थांबला होता. आबांनी पान खाऊन झाल्यावर सावकाश म्हटलं, "पोरगी पेपर देतीया. मार्च हू द्या."

"मार्च झाला की मी येतो," तात्या म्हणाले.

तेव्हापासून मार्च हा महिना राहिला नाही. ती एक हद्द झाली. तिच्या अलीकडे वहिनी होती, पलीकडे काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी कुठूनतरी माहिती काढली होती की बारावी पास असेल तर नगरला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळू शकते, राहण्याची सोय तिथेच. पण इंग्रजी सुटायला हवं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मस्ट आणि शुड होते. "मस्ट म्हणजे केलंच पाहिजे," बाईंनी सांगितलं. "शुड म्हणजे केलं तर चांगलं."

वहिनीनं विचारलं, "बाई, तात्यांच्या स्थळाला हो म्हणणं, हे यातलं कुठलं?"

"ते तुझं वाक्य आहे. मी कसं करू?"

येताना आम्ही नदीच्या बाजूनं आलो. गोदावरीचं पाणी खाली गेलेलं, घाटाच्या शेवटच्या पायऱ्या कोरड्या, त्यांवर वाळलेलं शेवाळ. वहिनी खालच्या पायरीपर्यंत गेली, पाण्यात हात घातला आणि तशीच बसून राहिली. मी वर उभी राहून दगडावर दगड ठेवत होते. उठली तेव्हा म्हणाली, "मने, मला कुठंच जायचं न्हाई, असं म्या किती दिस म्हननार?" मनी म्हणजे मी, घरात मला सगळे मनीच म्हणत. ती उत्तरासाठी न थांबता पायऱ्या चढायला लागली.

हरभरा काढणीला आला. हरभरा भल्या सकाळी उपटावा लागतो, दव असेपर्यंत. उन्हं चढली की घाटे, म्हणजे शेंगा, फुटतात. त्याच्या पानांवर आंब असते, ती हाताला चरचरते, ओठाला लागली की खारट-आंबट चव येते. आई एका ओळीत, वहिनी शेजारच्या, मी त्यांच्या मागे पेंढ्या गोळा करत. तिथून विहीर दिसायची. आम्ही तिघीही तिच्याकडे पाठ येईल अशा बेतानं काम करायचो, आणि हे कधी कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

वहिनीचे ओठ चालू होते. बाईंनी कुडची वाक्यं दिली होती. कुड म्हणजे शकत होता, शकायचा, पूर्वी. उपटता उपटता ती थोडं मोठ्यानं म्हणाली, "ही वॉज अ मॅन हू कुड लाफ विदाउट अ साउंड."

आई थांबली. "ही? कोन ही?"

वहिनी पुन्हा उपटायला लागली. आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "आई, इंग्रजीत ही म्हणजे बाई नाही. ही म्हणजे तो."

"मंग काय म्हनली ती?"

आणि इथे मी अडखळले. वहिनी दादाबद्दल बोलताना कायम ते म्हणायची. ते शेतात गेलेत, ते जेवलेत. इंग्रजीत असा मान नाही. तिथे राजाही ही आणि घरचा गडीही ही. त्या वाक्यात वहिनीनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला तो म्हटलं होतं. मी ते तसंच ठेवलं.

"ती म्हणते, तो असा माणूस होता, जो आवाज न करता हसू शकायचा."

आईच्या हातात उपटलेला हरभरा होता. ती तशीच मातीत खाली बसली. मला वाटलं आता ती चिडेल, काहीतरी लागेल असं बोलेल. दादा गेल्यापासून घरात त्याचं नाव निघालं की कुणीतरी उठून जायचं. आईनं डोळ्याला पदर लावला, आणि मग पदर लावलेलाच असताना म्हणाली, "व्हय. ल्हानपनापासून तसाच. नुसते खांदे हालायचे त्याचे."

"आन डोळे बारीक व्हायचे," वहिनी म्हणाली.

"मला वाटायचं रडतोय का काय."

"मला बी," वहिनी म्हणाली. "लग्नाच्या दिवशी मला बी तसंच वाटलं हुतं."

आणि दोघी हसल्या. ओळीत, दवानं ओल्या मातीत बसून, आंबेनं चरचरणारे हात मांडीवर ठेवून, सासू आणि सून दादाच्या हसण्याबद्दल बोलत राहिल्या. तो दुधाची साय कशी चोरायचा, पोहायला शिकताना कसा रडला, बैलाला नाव कुठलं ठेवलं होतं. मी कधी आईकडे, कधी वहिनीकडे बघत होते. उन्हं चढली, घाटे फुटायला लागले, थोडा हरभरा वाया गेला. त्या दिवशी आईनं त्याची खंत केली नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाई म्हणाल्या, आता एकच राहिलं. माइट हॅव, वुड हॅव, कुड हॅव. त्यांनी ओट्यावरच्या एका फळीवर खडूनं लिहिलं आणि समजावलं. जे झालं असतं. जे होऊ शकलं असतं. जो आज इथे असता.

वहिनी त्या फळीकडे बघत होती.

"बाई, जे झालंच नाही, ते वाक्यात घ्यायचं कशाला? हे पेपरला येतं का?"

"नाही येत बहुतेक."

"मग नको."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग ओल्या फडक्यानं फळी पुसली, दोनदा, खडूची पांढरट खूणही राहू नये अशी. मी शिकवायला लागल्यापासून माइट हॅव शिकवताना दरवर्षी तो ओला चौकोन मला दिसतो. वहिनीला ते व्याकरण समजलं नव्हतं असं नाही. तिला ते इतकं नीट समजलं होतं की त्यात पाऊल टाकलं तर परत येता येणार नाही, हेही समजलं होतं. मी मात्र त्यातच राहते. दादा आज असता तर साठीकडे झुकला असता. वहिनी आमच्याच घरी असती. तिची मुलं मला आत्या म्हणाली असती. आत्या हा शब्द माझ्या वाट्याला आलाच नाही.

पेपर श्रीरामपूरला होता. आबा तिला त्यांच्या एम-एटीवर घेऊन गेले. सासरा पुढे, सून मागे, मधे जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली. गावातून जाताना लोक बघत होते. आबांनी गाडीचा वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही. वहिनीनंच नंतर सांगितलं की ती पेपर लिहीत होती तेव्हा आबा शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभे होते, आणि सुटल्यावर त्यांनी अवघड होता का असं विचारलं नाही. विचारलं, "रस पिनार का?"

एप्रिलमध्ये तात्या ठरल्याप्रमाणे आले. कुणी काही बोलायच्या आत आई माजघरातून बाहेर आली. "ती न्हाई येनार. नगरला जानार हाय शिकायला. दवाखान्यात लागंल."

तात्यांनी आबांकडे पाहिलं. आबा आईकडे बघत होते. त्यांनाही हे नवीन असावं.

"आन नापास झाली तर?"

"तर पुन्यांदा बसंल," आई म्हणाली.

तात्यांनी आत हाक मारली, "रेखे, बाहेर ये." वहिनी दारात आली. "तुजं काय म्हननं हाय? लोकांचं ऱ्हाऊ दे. तू सांग."

"तात्या, मला नर्स व्हायचंय."

तात्या म्हशीच्या बाजारात उभं आयुष्य काढलेला माणूस. समोरच्याचं होय-नाही त्यांना चेहऱ्यावर वाचता येत असणार. लेकीकडे बघून ते म्हणाले, "बरं. हू नर्स." आणि पंच्यानं तोंड पुसायला लागले. पुसतच राहिले.

निकाल लागला त्या दिवशी आबा श्रीरामपूरहून आले, गाडी स्टँडला लावली, पायातल्या वहाणा काढल्या आणि म्हणाले, "झाली." वहिनी काठावर पास झाली होती. मीही पास झाले होते, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती पत्र्याची पेटी घेऊन एसटीत बसली. आईनं तिला खाली वाकू दिलं नाही, मधेच धरलं. "सनाला ये," एवढंच म्हणाली.

पहिली वर्षं ती यायची. दिवाळीला, कधी नागपंचमीला. पांढऱ्या गणवेशाच्या गोष्टी सांगायची. मग दवाखान्यातल्याच एका फार्मासिस्टशी तिनं लग्न ठरवलं. तिनं स्वतः फोन करून कळवलं. आम्ही कुणी गेलो नाही, आबा एकटे गेले. परत आले, पाय धुतले, आणि आईनं न विचारताच म्हणाले, "बरा हाय. उंच हाय. तिच्यासंगं नीट बोलत हुता." आई म्हणाली, "मंग आता तिला आपला तरास नको. तिला तिचा संसार करू द्या." ते आईनं मनापासून म्हटलं होतं, आणि आम्ही ते मनापासून पाळलं. फोन कमी झाले, मग सणावारापुरते, मग नाहीच. ती मस्कतला गेल्याचं कळलं, तिथून इंग्रजीची आणखी कुठलीशी कठीण परीक्षा देऊन आयर्लंडला. आई गेली. एस्तेरबाई त्याच्याही आधी गेल्या होत्या.

मला कधी कधी वाटायचं, तिला आता काय म्हणायचं? दादा नाही, आणि तिला दुसरं घर आहे. वहिनी म्हणण्याचा हक्क उरला का? लग्नाला, बारशाला, सुतकाला लागणाऱ्या प्रत्येक नात्यासाठी आपल्या भाषेत वेगळा शब्द. या नात्यासाठी मात्र शब्द नाही. मग माणसाला वाक्यातच धरून ठेवावं लागतं. जी आमच्या घरात होती. जिच्या शेजारी बसून मी इंग्रजी शिकले. जिला मी आजही ओळखू शकेन, पाठमोरी, पाण्यात हात घालून बसलेली.

वर्गातल्या त्या प्रश्नानंतरच्या रविवारी मी पुणतांब्याला गेले. आबा आता थकलेत. एकटेच असतात, शेजारच्या घरून डबा येतो. दुपारी आम्ही अंगणात बसलो होतो. ते सारखं खिशातून मोबाईल काढून बघत होते.

"कुणाची वाट बघताय?"

"रेखाचा फोन येतो रैवारी. आज न्हाई आला आजून."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "कुठली रेखा?"

"आपली. दुसरी कोन?"

"कधीपासून करते फोन?"

"तुजी आई गेली तवापासनं."

"आणि तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"

"तू कवा इचारलंस?" आबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"तुम्हाला काय म्हणते ती आता?"

"आबा म्हनती. आनखी काय म्हननार?" त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "लाव की. ते हिरवं दाब."

मी हिरवं दाबलं. तिकडे सकाळ असणार. पुष्कळ वेळ वाजत राहिलं, मग एकदम मोटारीच्या काचेवर पडणाऱ्या पावसाचा आवाज आला, आणि त्यामागून तिचा. जराही न बदललेला, अजून पुणतांब्याचाच.

"आबा? आज तुमीच लावला? रातपाळी सुटायला उशीर झाला, आता करनारच हुते. बरं हाय ना समदं?"

आबा समोर बसून माझ्याकडे बघत होते, बोल म्हणून हात करत होते.

"वहिनी," मी म्हणाले. "मी मनी."

तिकडे फक्त पाऊस, आणि वायपरची ये-जा.

"थांब," मग ती म्हणाली, अगदी हळू. "थांब, मने. गाडी कडेला घेते. फोन ठिवू नको."

इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. ओल्या रस्त्यावरचा चाकांचा आवाज हळूहळू मंदावला. इंजिन बंद झालं. फोन कानाशी घट्ट धरून मी तिच्या बोलण्याची वाट बघत बसून राहिले.